एका फ्युएल सेलचे सात महिने: बांधणी, चुका आणि रीडिंग

६ जानेवारी २०२५

सोलापूरच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या चार मुलांबरोबर आजपासून काम सुरू केलं. २५ चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे पाच बाय पाचचा, एकच पीईएम फ्युएल सेल बांधायचा आणि त्याची वीज कशाकशानं वाढते-घटते ते मोजायचं. हा सेल हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन जोडून वीज आणि पाणी बनवतो. मधल्या पातळ पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून, प्रोटॉन पलीकडे जातात, म्हणून नाव पीईएम (प्रोटॉन एक्स्चेंज मेम्ब्रेन). मुलांना थेट दहा सेलचा स्टॅक, म्हणजे एकाला एक जोडलेले दहा सेल, हवा होता. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांची फ्युएल सेल बस आली, तिचे फोटो त्यांनी जपून ठेवलेत. मी एकाच सेलवर अडून बसले. स्टॅकमधला एक सेल बिघडला की बाकीचे नऊ त्याचा दोष झाकतात, आणि आपल्याला तर दोषच शोधायचाय.

विभागाकडून साठ हजार मिळालेत. मेम्ब्रेन घरी लेपायच्या भानगडीत पडायचं नाही हेही ठरवलं. नॅफिऑन २१२, जाडी सुमारे ५० मायक्रॉन, दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा (उत्प्रेरकाचा) तयार थर, असे दोन तुकडे मागवले. एकाला १४,५०० रुपये. अर्धं बजेट इथेच संपलं.

हायड्रोजनचा सिलिंडर खोलीबाहेर, पत्र्याच्या सावलीत साखळीनं बांधलाय. आत येते ती फक्त पाव इंची स्टीलची नळी. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की पेट घेऊ शकतो, म्हणून छताजवळची झडप कायम उघडी, आणि टेबलाच्या वर गॅस डिटेक्टर (३,२०० रुपये). यात काटकसर करू नका. आणखी एक: हायड्रोजनच्या रेग्युलेटरचे आटे उलटे, डावे असतात. नेहमीच्या सवयीनं पाना फिरवला तर घट्ट करतोय असं वाटत असताना सैल होतो.

१७ जानेवारी

मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंना ग्राफाइटच्या प्लेट लागतात, त्यांच्या खाचांतून वायू फिरतो आणि पाठीवरून वीज निघते. पण ग्राफाइट म्हटल्यावर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या पहिल्या दोन वर्कशॉपनी नकार दिला. कारण रास्त आहे. ग्राफाइटची पूड वीज वाहून नेते, ती पॅनेलमध्ये शिरली तर मशीनच बसतं. तिसऱ्या ठिकाणचे काका म्हणाले, "मॅडम, करून देतो, पण तुमच्या पोरांनी व्हॅक्यूमची नळी धरून उभं राहायचं." दोघं जण अडीच तास कटरशेजारी नळी धरून उभे होते. खाच एक मिलिमीटर रुंद, एक खोल, दोन खाचांमधली भिंतही एकच. नागमोडी एकच वाट, इकडून आत आणि तिकडून बाहेर.

एक प्लेट गेली. बोल्टचं भोक कडेपासून चार मिलिमीटरवर घेतलं होतं, ड्रिल बाहेर पडताना कोपराच तुटला. आता कडेपासून आठ ठेवलंय. तीन प्लेटांचा माल आणि मजुरी मिळून ११,४०० रुपये.

२९ जानेवारी

वाईट दिवस. खाचांच्या बाजूला ॲक्रिलिक दाबून बसवलं, नायट्रोजन अर्ध्या बारनं भरला आणि साबणाचं पाणी लावलं. सांधे कोरडे, एक बुडबुडा नाही. मग एका मुलीनं प्लेट उलटी केली. पाठीवर, जिथे भोक नाही की खाच नाही, तिथे मोहरीएवढे बुडबुडे सावकाश फुगत होते. प्लेटमधूनच वायू पाझरत होता.

साधं ग्राफाइट सच्छिद्र असतं हे मला माहीत होतं. एवढं पाझरेल असं वाटलं नव्हतं, आणि मागवताना दुकानदाराला "रेझिन भरलेलं" हे दोन शब्द सांगायचे राहिले. पाठीला इपॉक्सी फासायचा विचार आला, पण तिथूनच तर वीज काढायची. इपॉक्सी म्हणजे मध्ये भिंत. नवा माल, पुन्हा कटिंग, नळी धरून पुन्हा अडीच तास. १०,९०० रुपये आणि सोळा दिवस गेले.

१४ फेब्रुवारी

रेझिन भरलेल्या प्लेट आल्या. अर्ध्या बारवर दहा मिनिटांत काटा हलला नाही.

आता गॅस्केट, म्हणजे कडेनं वायू अडवणारी पातळ चौकट. या एका गोष्टीवर आम्ही जेवढा वेळ घातला तेवढा कशावरच नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंना कार्बन तंतूंचा कागद असतो, त्याला सगळे जीडीएल म्हणतात. आमचा ०.२४ मिलिमीटर जाड आहे. गॅस्केट किती जाड, त्यावर हा कागद किती दबणार ते ठरतं. बाजारात ०.५ मिलिमीटरचं सिलिकॉन सहज मिळालं, तेच बसवलं. बॅटरीचा अंतर्गत रोध मोजायचं एक किलोहर्ट्झचं मीटर (४,६०० रुपये) सेलला लावलं, तर १४ मिलिओहम. जीडीएल प्लेटला धड टेकतच नव्हता.

मग दुसऱ्या टोकाला गेलो, ०.१ मिलिमीटरचं टेफ्लॉन. रोध एकदम ३.१ वर आला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण उघडून पाहिलं तर जीडीएलवर खाचांचा ठसा खोल उमटलेला, भिंतींखालचे तंतू चुरलेले. असा चेपलेला कागद वीज छान वाहतो, पण वायू आत येऊ देत नाही आणि पाणी बाहेर जाऊ देत नाही. शिवाय तुटलेला तंतू ५० मायक्रॉनच्या मेम्ब्रेनला सुईसारखा भोसकू शकतो. तो जीडीएल टाकून दिला.

कागद साधारण पाचव्या हिश्शानं दबावा या हिशेबानं ०.१९ च्या जवळचं गॅस्केट हवं होतं. ०.२ चं टेफ्लॉन मिळालं. रोध ५.८. अजून जास्तच.

१८ फेब्रुवारी

५.८ चं कारण सापडलं. प्रयोगशाळेतल्या मामांची कल्पना. टायपिंगचा जुना निळा कार्बन आणि पांढरा कागद मेम्ब्रेनच्या जागी घालून सेल नेहमीसारखा आवळला, मग उघडला. कडेला गडद निळी चौकट आणि मध्यभागी रुपयाएवढा पांढरा डाग. बोल्ट कडेला आहेत, सेल बाहेरून आवळणारी एंड प्लेट दहा मिलिमीटर ॲल्युमिनियमची, ती धनुष्यासारखी वाकत होती आणि मधला भाग टेकतच नव्हता. दाब मोजायची खास फिल्म मिळते, पण एका चाचणीचे हजारो रुपये. आमचा कार्बन पेपर कपाटात पडून होता.

भंगारातून वीस मिलिमीटरची एमएसची (साध्या पोलादाची) प्लेट आणून तीच एंड प्लेट केली. आठ बोल्ट, समोरासमोरच्या जोड्यांनी, आधी दीड, मग तीन, मग चार न्यूटन-मीटर. टॉर्क पाना एका दुचाकी गॅरेजवाल्यानं उसना दिला. निळा ठसा आता सगळीकडे सारखा. रोध ४.२. इथे थांबलो.

२५ फेब्रुवारी

पहिला हायड्रोजन. भार न लावता ०.९४ व्होल्ट. पुस्तकात १.२३ असतात म्हणून मुलं खट्टू झाली. थोडा हायड्रोजन मेम्ब्रेनमधून पलीकडे जातोच, आणि हवेच्या बाजूची प्रक्रिया मुळात मंद असते. त्यामुळे ०.९५ च्या आसपास आलं तर सेल ठीक आहे. ०.८ च्या खाली दिसलं तर मेम्ब्रेनला भोक पडलंय का ते आधी बघा: हायड्रोजनच्या बाजूला नायट्रोजन भरा, हवेच्या बाहेरच्या नळीचं टोक पाण्यात बुडवा आणि बुडबुडे येतात का ते पाहा.

भार लावल्यावर मात्र तीन अँपिअरच्या पुढे जाईना. दोन दिवस मेम्ब्रेनवर संशय घेतला. दोष आमच्या इलेक्ट्रॉनिक लोडचा, म्हणजे सेलमधून ठरवलेला करंट ओढणाऱ्या यंत्राचा, निघाला. स्वस्त लोड एक व्होल्टच्या खाली पूर्ण करंट ओढूच शकत नाहीत, आणि आपला अख्खा सेलच एक व्होल्टच्या आतला. सेलच्या मालिकेत पाच व्होल्टचा पॉवर सप्लाय जोडला, तेव्हा काम झालं. पण जपून: हायड्रोजन कमी पडला तर हाच सप्लाय सेलला ढकलत राहतो आणि सेल उलटा होतो. सेलचा व्होल्टेज ०.३ खाली गेला की लोड तोडणारा रिले आधी लावा, मगच हे करा.

आणि व्होल्टमीटरच्या तारा थेट ग्राफाइटला टेकवा. लोडच्या टोकांवर ०.४२ दिसत होते, प्लेटवर ०.६० होते. मधले ०.१८ व्होल्ट केबलनं आणि क्लिपनं खाल्ले. जाड केबल, लग आणि नट लावून घेतले.

४ मार्च

नवा सेल पहिल्या तासात खरं रूप दाखवत नाही. ६० अंशांवर, दोन्ही वायू बबलरमधून, म्हणजे गरम पाण्यातून, ओले करून, ०.६ व्होल्टवर धरून ठेवला. सुरुवातीला ३.४ अँपिअर, सहा तासांनी ११.६. मेम्ब्रेन पाणी पिऊन जागी झाली. पहिल्या तासाचं रीडिंग अहवालात घातलं असतं तर सगळंच चुकलं असतं.

प्रवाहाचा हिशेब सोपा आहे. एका सेलला एक अँपिअरसाठी मिनिटाला सुमारे ७ मिलिलिटर हायड्रोजन लागतो आणि साधारण १७ मिलिलिटर हवा. बारा अँपिअरला ८४ आणि २००. हायड्रोजन दीडपट देतो, हवा अडीचपट.

१३ मार्च

आज जे झालं ते लिहायला जड जातंय. हवेसाठी लावलेला फिशटँकचा पंप कमी दाब देतो म्हणून वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा जोडली. संमती माझीच. रेग्युलेटरमध्ये फिल्टर होता, तेवढं पुरेल असं समजले. दोन तासांत ०.६ व्होल्टचा करंट ११.८ वरून ८ वर आला, संध्याकाळी ६.५. नळी काढून टोकाला पांढरा टिश्यू धरला, पाच मिनिटांत त्यावर पिवळट गोल उमटला. बोटाला तेल लागलं. कॉम्प्रेसरच्या तेलाची वाफ साध्या फिल्टरमधून निघून येते आणि उत्प्रेरकावर, जीडीएलवर जाऊन बसते.

रात्रभर स्वच्छ ओली हवा सोडली. ७.१ पर्यंत आला, पुढे नाही. एक मेम्ब्रेन गेली. १४,५०० रुपये, आणि सहा तासांचं कंडिशनिंग पुन्हा. टिश्यूची ही परीक्षा पाच मिनिटांची आहे. मी ती आधी करायला हवी होती.

तेलाशिवाय चालणारा डायाफ्रॅम पंप आणला, १,९५० रुपये.

८ एप्रिल

दुसरी मेम्ब्रेन, नवा जीडीएल, त्याच टॉर्कनं. ०.६ व्होल्टवर ११.९ अँपिअर. म्हणजे बांधणी आता हाताला बसलीय.

मुलांचा प्रश्न होता की बबलर हवाच कशाला, खोलीतली हवा थेट का नको. करून पाहिलं. दुपारी खोलीत ४० अंश, आर्द्रता २० टक्के. अर्ध्या तासात करंट ११.९ वरून ४.६, रोध ४.२ वरून ११ मिलिओहम. मेम्ब्रेन वाळली की प्रोटॉनना वाटच राहत नाही.

फळ्यावर हिशेब मांडला तेव्हा सगळ्यांनाच उलगडलं. ४० अंशांच्या त्या हवेत बाष्पाचा दाब दीड किलोपास्कल. ६० अंशांना हवा २० किलोपास्कल बाष्प धरू शकते. म्हणजे सेलमध्ये शिरल्यावर तीच हवा जेमतेम साडेसात टक्के आर्द्रतेची. सेल स्वतः पाणी तयार करतो, पण हवेच्या तोंडाशी ते पोचत नाही. बबलर परत जोडल्यावर पाऊण तासात सेल पूर्ववत झाला. वाळण्याचं नुकसान वेळीच थांबवलं तर भरून निघतं, तेलाचं निघत नाही.

बबलरमध्ये नळाचं पाणी नको. वाफेबरोबर उडालेल्या थेंबांतून क्षार जातात आणि मेम्ब्रेनमध्ये प्रोटॉनच्या जागा अडवतात. पितळी निपलही याच कारणासाठी काढून स्टीलची लावली.

२२ एप्रिल

आता उलट दुखणं. बबलर ६० अंशांवर, सेल ६० वर, आणि व्होल्टेज दर दीड-दोन मिनिटांनी ०.६ वरून ०.४५ वर आपटून परत वर. आठवडा गेला. कारण डोळ्यांसमोर होतं: बबलर ते सेल ही ४० सेंटिमीटरची नळी उघडी. तिथे वाफ थंड होऊन पाण्याचा गोळा जमायचा, आणि तो खाचेत शिरला की वाट बंद. नळी पारदर्शक घेतली तेव्हा तो गोळा सरकताना दिसला. लांबी बोटाच्या पेराएवढी. तो आत गेला आणि पाचव्या सेकंदाला मीटरवरचं रीडिंग पडलं. तीन वेळा पाहिलं, तिन्ही वेळा तसंच.

नळी १५ सेंटिमीटर केली, हीटिंग टेप गुंडाळून ७० अंशांवर ठेवली. सेलही फिरवला. आधी हवेचं बाहेरचं तोंड वर होतं, म्हणजे पाण्याला चढ चढावा लागत होता. तोंड खाली केल्यावर थेंब आपोआप गळू लागले. या फिरवण्याला एक पैसाही लागला नाही आणि बारा अँपिअरवरचा सगळा थरथराट थांबला.

मेम्ब्रेनला ओल हवी आणि वायूच्या वाटेला कोरडेपणा, तेही एकमेकांपासून केसाएवढ्या अंतरावर. आमच्या नोंदवहीतल्या बहुतेक बिघाडांचं मूळ शेवटी इथेच सापडलं. प्लॅटिनम किती यावर लोक तासन्‌तास बोलतात. आम्हाला प्लॅटिनमनं एकदाही अडवलं नाही.

६ मे

तापमान. बबलर ६० वर कायम, सेल ४० पासून ७० पर्यंत. ०.६ व्होल्टवर ४० ला ७.८ अँपिअर, पण थरथरणारे, कारण गार सेलमध्ये पाणी तुंबतं. ५० ला ९.९, ६० ला १२.१, ७० ला ११.२. सत्तरला प्रक्रिया वेगवान व्हायला हवी, पण वायूची आर्द्रता ६४ टक्क्यांवर येते आणि रोध ५.६ होतो. बबलर ७० केल्यावर १३ अँपिअर मिळाले. नुसतं "तापमान वाढवलं की वीज वाढते" असं लिहू नका, बरोबर बबलरचं तापमानही लिहा.

ऑक्सिजनही देऊन पाहिला. वेगळा रेग्युलेटर, तेलग्रीसचा स्पर्श नाही. त्याच ०.६ व्होल्टवर १२.१ चे १७.८ झाले. हवेतला चार पंचमांश नायट्रोजन ऑक्सिजनची वाट अडवून उभा असतो, त्याची ही किंमत. इस्रोनं १ जानेवारी २०२४ ला पीएसएलव्ही सी-५८ बरोबर १०० वॅट वर्गाचा फ्युएल सेल अंतराळात पाठवला, तो हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही टाक्यांतून घेत होता. मुलांनी ही बातमी रीडिंगच्या शेजारी चिकटवलीय.

१९ मे

हायड्रोजनचं बाहेरचं तोंड बंद केलं, म्हणजे एक थेंबही वाया जाणार नाही. पहिली चार मिनिटं उत्तम, मग व्होल्टेज खाली खाली. नऊ मिनिटांत ०.६१ चे ०.५२. हवेतला नायट्रोजन मेम्ब्रेनमधून हळूहळू इकडे येऊन साठतो, पाणीही साठतं. दर तीन मिनिटांनी अर्धा सेकंद वाल्व्ह उघडला की व्होल्टेज लगेच जागेवर. आधी पंधरा मिनिटांनी उघडत होतो, तेव्हा बाहेरच्या टोकाशी हायड्रोजनच उरत नव्हता. तशा वेळी उत्प्रेरकाखालचा कार्बनच झिजतो. उशीर करण्यापेक्षा थोडा हायड्रोजन सांडलेला बरा. सोडलेला वायू नळीनं खिडकीबाहेर.

२९ मे

मुलांची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्वाधिक वेळ तो निळा ठसा पाहिला. मुलं आज गेली, त्यातला एक पावसाळ्याच्या रीडिंगसाठी जुलैत येणार आहे.

१२ जुलै

माझा अंदाज होता की पावसाळ्यात बबलरशिवायही सेल चालेल. खोली २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के, भिंतींना ओल. तरी ६० अंशांच्या सेलला थेट हवा दिल्यावर ५.९ अँपिअर. एप्रिलपेक्षा बरं, पण निम्मंच. हिशेब आधी करायला हवा होता: ती दमट हवाही ६० अंशांवर १६ टक्क्यांचीच होते. मग सेलचा हीटर बंद करून ३५ वर चालवला. तिथे हीच हवा ५७ टक्क्यांची, करंट ६.८ आणि रोध स्थिर. पंख्यावर चालणारे छोटे सेल बांधणाऱ्यांना हे उपयोगी पडेल. उन्हाळ्यात सोलापुरात खोलीच ४० अंशांची असते, तेव्हा ही सोय नाही.

२६ जुलै

दुसऱ्या मेम्ब्रेनचे ११२ तास झाले. ६० अंशांवर, ओल्या वायूंवर, ०.६ व्होल्टला ११.५ अँपिअर. मे महिन्यात १२.१ होते. रोध तोच, ४.२, म्हणजे घसरण सांध्यांत नाही. भार न लावता ०.९३.

एकूण खर्च ८३,७०० रुपये. मंजूर साठच होते, वरचे महाविद्यालयाच्या संशोधन निधीतून मिळवले. त्यातले २५,४०० सच्छिद्र ग्राफाइट आणि तेलकट हवा या दोन चुकांचे. तुम्हाला ते वाचवता येतील.

बंद करताना लोड आधी काढतो, मग हायड्रोजन, मग दोन्ही बाजूंना पाच मिनिटं नायट्रोजन. हायड्रोजनच्या बाजूला हवा शिरू देत नाही, नाहीतर पुढच्या वेळी सुरू करताना समोरच्या इलेक्ट्रोडचा कार्बन जळतो. मामांनी एंड प्लेटवर बोल्टचे क्रमांक आवळायच्या क्रमानं ऑइल पेंटनं लिहिलेत. चारही तोंडं टोपण लावून बंद केली आणि सेल कपाटात ठेवला. टॉर्क पाना गॅरेजमध्ये परत दिला.